जखम भरली, पण वण वाढतच राहिला: केलॉइड ओळखावा कसा आणि आवरावा कसा

कान टोचून तीन-चार महिने झालेले असतात, भोक कोरडे पडलेले असते, बाळी सहज फिरू लागलेली असते आणि एके दिवशी पाळीच्या मागच्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढी टणक गाठ बोटाला लागते. ती दुखत नाही, जराशी खाजते. घरातली मंडळी म्हणतात, उष्णतेने झाली असेल, आपोआप बसेल. वर्षभरात ती हरभऱ्याएवढी होते आणि पुढच्या दीड-दोन वर्षांत जांभळाएवढी. माझ्या भाचीच्या कानावर हेच घडले. अकरावीत असताना तिने पाळीवर दुसरे भोक पाडून घेतले होते. गाठ मोठी झाल्यावर ती एका लहानशा दवाखान्यात कापून घेतली, टाके काढले, सगळे निश्चिंत झाले आणि आठ महिन्यांत पूर्वीपेक्षा मोठी गाठ त्याच जागी उभी राहिली. कापण्याआधी कोणी विचारले नाही आणि कापल्यानंतर काय करायचे हे कोणी सांगितले नाही. पुढची काही वर्षे तिच्याबरोबर त्वचारोग विभागाच्या बाकांवर बसून जे समजले आणि नंतर तज्ज्ञांकडून जे तपासून घेतले, ते इथे क्रमाने लिहीत आहे. या माहितीने डॉक्टरांची जागा घ्यावी असा हेतू नाही. त्यांच्याकडे योग्य वेळी आणि योग्य प्रश्न घेऊन जाता यावे, एवढ्यासाठी हे लेखन आहे.

केलॉइड म्हणजे नेमके काय

त्वचेला इजा झाली की खालच्या थरातील तंतुपेशी कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे तयार करून ती जागा सांधतात. जखम भरत आली की हे काम मंदावते, जादा धागे हळूहळू विरघळतात आणि मागे एक सपाट वण उरतो. काही माणसांच्या त्वचेत मात्र हे काम जखम भरल्यानंतरही चालूच राहते. कोलॅजनच्या जाड, गुंतलेल्या जुड्या साठत जातात, वण वर येतो, टणक होतो आणि मूळ जखमेची हद्द ओलांडून आजूबाजूच्या धडधाकट त्वचेवर पसरतो. हद्द ओलांडणे हीच केलॉइडची खरी खूण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबेर या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी त्याचे वर्णन केले आणि कडेने फुटणारे त्याचे फाटे पाहून खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. छातीवरचा जुना केलॉइड ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही उपमा लगेच पटेल.

हा कर्करोग नव्हे आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. एवढे सांगितले तरी कित्येक घरांत मुलीचा टॉवेल वेगळा ठेवण्याचे प्रकार थांबतील, म्हणून ते आधीच लिहिले. जिवाला धोका नसला तरी खाज, टोचल्यासारख्या कळा, कपडा घासल्यावर होणारी आग आणि लोकांच्या नजरा यांचा त्रास खरा असतो, आणि तेवढ्या कारणासाठीही उपचार मागण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे.

गोऱ्या कातडीपेक्षा सावळ्या आणि काळ्या कातडीच्या माणसांत केलॉइड अधिक आढळतो, त्यामुळे आपल्याकडे त्याची जाण असणे गरजेचे आहे. साधारण १० ते ३० या वयात त्याचे प्रमाण जास्त असते. वयात येताना आणि गरोदरपणात तो वाढण्याचा संभव असतो. आई-वडील, भावंडे, मामा-मावशी यांपैकी कोणाला असेल, तर आपल्यालाही होण्याची शक्यता वाढते. शरीरावर त्याच्या ठरलेल्या जागा आहेत: छातीचा मधला भाग, खांदे, दंडाचा वरचा भाग, पाठीचा वरचा भाग, कानाची पाळी व वरची कड, आणि जबड्याची कड. पापण्या, तळहात आणि तळपाय इथे तो क्वचितच होतो. गुडघा फुटल्यावर नीट वण आला म्हणून खांद्यावरही नीट येईल, असे गृहीत धरता येत नाही.

गाठ केलॉइडचीच आहे का, हे पाहण्याची रीत

पहिला प्रश्न असा विचारावा: या जागी इजा झाली होती का, आणि किती दिवसांपूर्वी? केलॉइड बहुधा जखमेनंतर काही महिन्यांनी उगवतो. कधी वर्षभराने, तर कधी त्याहूनही उशिरा. इजा मोठीच असावी लागते असे नाही. मुरूम, कांजिण्यांचा फोड, बीसीजीची लस, भाजलेला डाग, कीटकाचा दंश, गोंदण, नाक-कान टोचणे, टाके, यांतले काहीही पुरेसे होते. छातीवर तर मुरमाची आठवणही नसते आणि केलॉइड आपोआप आल्यासारखा वाटतो.

दुसरा प्रश्न हद्दीचा. शस्त्रक्रियेचा किंवा भाजल्याचा वण लालसर, जाड आणि उंच झाला, पण मूळ जखमेच्या रेषेतच राहिला, तर तो बहुधा केवळ जाड वण असतो. असा वण जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत दिसू लागतो, काही काळ वाढतो आणि पुढे वर्ष-दीड वर्षात बराचसा बसतो. केलॉइड आपण होऊन बसत नाही. हा फरक ओळखण्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे मोबाइलचा कॅमेरा. गाठीशेजारी मोजपट्टी किंवा एक रुपयाचे नाणे धरून, दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला, त्याच उजेडात फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांसमोर “वाढली आहे असे वाटते” म्हणण्यापेक्षा चार महिन्यांचे चार फोटो दाखवणे फार उपयोगी पडते, आणि पुढे उपचाराचा गुण येतो की नाही हेही त्यांवरूनच समजते.

प्रत्येक गाठ केलॉइडची नसते. नाक किंवा कान टोचल्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच भोकाच्या तोंडाशी लालभडक, ओलसर, जरा हात लागला की रक्त येणारा मांसाचा कोंब दिसला, तर तो बहुधा जखम भरताना वाढलेला मांसांकुर असतो. त्याचा उपचार वेगळा आणि पुष्कळ सोपा असतो. नाकपुडीवरच्या अशा फोडाला सर्रास केलॉइड म्हटले जाते आणि मुली विनाकारण घाबरतात. पाळीच्या आत सरकणारी, गोल, मधोमध काळा ठिपका असलेली गाठ ही त्वचेखालची पिशवी असू शकते. खोट्या दागिन्यांतील निकेल सोसत नसेल तर पाळी खाजते, चिघळते, पाणी सुटते. दागिना काढला की ती बरी होते.

तीन गोष्टींत मात्र फोटो काढत बसू नये. कानाच्या वरच्या मऊ हाडात भोक पाडल्यावर कान लाल, गरम, सुजलेला आणि ठणकणारा झाला, तर तो मऊ हाडाच्या आवरणाला झालेला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण उशीर झाल्यास कानाचा आकार कायमचा बिघडतो. दुसरे, कान टोचलेले नसताना किंवा टोचल्याच्या जागेपासून दूर, दोन्ही पाळ्या जाड होऊन त्यांवर न खाजणाऱ्या, न दुखणाऱ्या गाठी आल्या, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. महाराष्ट्रात हा आजार अजून संपलेला नाही, त्याची बहुविध औषधे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, आणि वेळेवर घेतली तर हातापायांना अपंगत्व येत नाही. तिसरे, इजा झाल्याचे काहीच आठवत नसताना खांद्यावर किंवा धडावर कडक चट्टा येऊन तो सावकाश पसरू लागला, किंवा जुन्या केलॉइडचे रूप अचानक बदलले, त्यावर व्रण पडला, रक्त येऊ लागले, तर तुकडा काढून तपासणी करणे योग्य ठरते. त्वचेच्या खालच्या थरातला एक क्वचित होणारा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब केलॉइडसारखा दिसतो.

पहिल्या तीन महिन्यांत घरी काय करावे

ज्यांना एकदा केलॉइड झाला आहे किंवा ज्यांच्या घरात तो आहे, त्यांनी नवी जखम भरू लागल्यापासूनच काळजी घ्यावी. जखम साध्या पाण्याने व सौम्य साबणाने स्वच्छ ठेवावी, खपली नखाने काढू नये, आणि ती कोरडी पडून तडकू नये म्हणून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. टाके निघाल्यावर वणाच्या लांबीला धरून औषधांच्या दुकानात मिळणारी कागदी चिकटपट्टी काही आठवडे लावून ठेवली, तर त्वचेवरचा ताण कमी होतो. ताण हा केलॉइडचा मोठा मित्र आहे. छाती आणि खांदा या जागा वाईट आहेत त्या त्यामुळेच, कारण श्वास घेताना आणि हात उचलताना तिथली कातडी सतत ओढली जाते.

जखमेचे तोंड पूर्ण मिटले की सिलिकॉनची पट्टी किंवा सिलिकॉन जेल सुरू करता येते. पट्टी दिवसातून किमान १२ तास अंगावर राहावी आणि हे निदान दोन ते तीन महिने चालावे, तरच उपयोगाची आशा धरावी. आठ दिवस लावून फरक नाही म्हणून कपाटात टाकलेल्या पट्ट्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत. आपल्याकडच्या उकाड्यात पट्टीखाली घाम साचून पुरळ येते, म्हणून पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार तास लावावी आणि वेळ हळूहळू वाढवावी. पट्टी आणि त्वचा दोन्ही रोज धुऊन कोरडी करावी, पुरळ आल्यास दोन दिवस विश्रांती द्यावी. चेहरा, सांधा किंवा कानाची कड अशा जागी पट्टी टिकत नाही, तिथे जेल बरे. सिलिकॉनचा उपयोग मुख्यतः नवा वण जाड होऊ न देण्यासाठी आणि खाज कमी करण्यासाठी आहे. जुना, बोटभर उंच केलॉइड केवळ त्याने वितळणार नाही. ताजा वण उन्हात काळवंडतो, म्हणून तो झाकावा किंवा त्यावर सनस्क्रीन लावावे. सॅकचा किंवा ब्रेसियरचा पट्टा नेमका त्या जागी घासत असेल तर तो बदलावा.

आता काय करू नये ते. केलॉइडवर चुना, सज्जीखार, ठेचलेला लसूण किंवा चामखिळीचे ॲसिड लावू नये. ही द्रव्ये त्वचा भाजतात. भाजणे म्हणजे नवी जखम, आणि नवी जखम म्हणजे केलॉइडला नवे खाद्य. गाठीच्या मुळाशी दोरा किंवा घोड्याचा केस बांधून ती गळून पाडण्याचा प्रकारही याच कारणाने घातक आहे. डाग घालवण्याच्या नावाखाली चिठ्ठीशिवाय मिळणारी तीव्र स्टिरॉइडची मलमे केलॉइडच्या खोल थरापर्यंत फारशी पोहोचत नाहीत, भोवतालची चांगली कातडी मात्र पातळ आणि लाल करून ठेवतात. ई जीवनसत्त्वाच्या तेलाचा लाभ सिद्ध झालेला नाही आणि काहींना त्याची ॲलर्जी येते. कोरफडीचा गर किंवा खोबरेल तेल यांनी त्वचा मऊ राहते, खाज थोडी शमते; त्यांना हरकत नाही, फक्त त्यांच्या भरवशावर महिने घालवू नयेत.

डॉक्टरांकडे: इंजेक्शनचा उपचार समजून घेणे

गाठ मसुराएवढी असतानाच त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. लहान, कोवळा, अजून लालसर असलेला केलॉइड उपचाराला जितकी दाद देतो, तितकी पाच वर्षांचा पांढुरका, दगडासारखा झालेला केलॉइड देत नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो, आणि तिथे असे रुग्ण नेहमी येत असल्याने हात बसलेले असतात. जाताना फोटो, आधीच्या उपचारांची कागदपत्रे आणि चालू औषधांची यादी न्यावी.

सर्वांत रुळलेला उपचार म्हणजे गाठीच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन. त्याची तीव्रता गाठीच्या जागेनुसार आणि कडकपणानुसार साधारणपणे एका मिलिलिटरला १० ते ४० मिलिग्रॅम अशी ठरवतात आणि दर तीन ते सहा आठवड्यांनी ते दिले जाते. ते कोलॅजन बनण्याचा वेग कमी करते आणि साठलेले कोलॅजन विरघळायला मदत करते. पहिली एक-दोन इंजेक्शने खरोखर दुखतात, कारण टणक गाठीत औषध रेटावे लागते. हे लपवून ठेवले की रुग्ण दुसऱ्या वेळी येतच नाही, म्हणून स्पष्ट लिहीत आहे. बधिर करणारे मलम तासभर आधी लावणे, बर्फ धरणे, औषधात बधिर करणारे द्रव्य मिसळणे, यांपैकी काय शक्य आहे ते विचारून घ्यावे. दोन-तीन वेळांनंतर गाठ मऊ होते आणि पुढची इंजेक्शने पुष्कळ सुसह्य होतात. खाज तर बहुधा पहिल्या वेळेनंतरच कमी होते, आणि माझ्या भाचीने उपचार सोडला नाही तो त्या एका कारणाने: कित्येक महिन्यांनी ती रात्री कान न खाजवता झोपली.

स्टिरॉइड हा शब्द ऐकताच आपल्या घरांत धास्ती पसरते. इथे औषध मुख्यतः त्या जागीच काम करते, तरी त्याचा थोडा अंश रक्तात जातो, हेही खरे. म्हणून मधुमेह असल्यास आधी सांगावे, कारण पुढचे काही दिवस साखर वाढू शकते. स्त्रियांची मासिक पाळी एखाद्या महिन्यात मागेपुढे होऊ शकते. गरोदर असल्यास किंवा तशी शक्यता असल्यास सुई टोचण्याआधी सांगावे. जागेवर होणारे परिणाम म्हणजे त्वचा पातळ होणे, खड्डा पडणे, बारीक लाल शिरा दिसणे आणि कातडीचा रंग फिका होणे. सावळ्या त्वचेवर हा फिका डाग उठून दिसतो आणि लोक त्याला कोड समजतात. बहुतेकांमध्ये तो काही महिन्यांत बराचसा भरून येतो. गाठ सपाट झाली की थांबायचे असते. ती पूर्ण नाहीशी होऊन कातडी पूर्ववत व्हावी, या अपेक्षेने आणखी इंजेक्शने मागत राहिले तर खड्डाच पदरी पडतो. उपचाराचे उद्दिष्ट सपाट, मऊ, न खाजणारा वण हे आहे, आणि ते पहिल्याच भेटीत ठरवून घेतलेले बरे.

केवळ या इंजेक्शनाने गुण येत नसेल तर त्यात फाइव्ह-फ्लुओरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारे औषध मिसळतात. ते मूळचे कर्करोगावरचे औषध असल्याने नाव वाचून घाबरायला होते. केलॉइडसाठी ते अल्प प्रमाणात, गाठीतच दिले जाते, मात्र गरोदरपणात आणि अंगावर दूध पाजत असताना टाळतात. द्रवरूप नायट्रोजनने गाठ गोठवण्याचा उपचार लहान केलॉइडसाठी चांगला आहे. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते, फोड येतो, पाणी सुटते, जागा भरायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि रंगपेशी थंडीने मरत असल्याने पांढरा डाग राहण्याचा धोका सावळ्या त्वचेत अधिक असतो. लेझरने लाली आणि खाज कमी होते, पण जाहिरातींत दिसतो तसा एकट्या लेझरने केलॉइड जात नाही. कोणी एका बैठकीत कायमचा घालवण्याची हमी देत असेल तर तिथून उठावे.

कापण्यापूर्वी

या संपूर्ण लेखनात एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही ठेवावी: केलॉइड नुसता कापून टाके घातले आणि पुढे काहीच केले नाही, तर तो परत येण्याचे प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ४५ ते १०० टक्के इतके आढळले आहे. ज्या त्वचेने एका लहानशा भोकाला जांभळाएवढे उत्तर दिले, ती त्वचा दोन सेंटिमीटर लांबीच्या कापाला काय उत्तर देईल, हा विचार सुरी लावण्याआधी व्हायला हवा. शस्त्रक्रिया वाईट आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाळीवर देठाने लोंबणारी मोठी गाठ इंजेक्शनांनी घालवत बसणे हा वेळेचा आणि वेदनेचा अपव्यय असतो, तिथे कापणेच योग्य. परंतु शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना पुढच्या सहा महिन्यांचा कार्यक्रमही त्याच कागदावर लिहून घ्यावा.

शल्यचिकित्सकांना किंवा प्लास्टिक सर्जनना पुढील गोष्टी विचाराव्यात. कापताना किंवा टाके काढताना त्या जागी स्टिरॉइडचे इंजेक्शन देणार का आणि पुढे किती वेळा? पाळीवर दाब देणारी चाप-कर्णभूषणे केव्हापासून घालायची? किरणोपचाराची गरज आहे का? टाके ताणाविना घातले जातील का? या प्रश्नांना “ते नंतर बघू” असे उत्तर मिळाले, तर दुसरे मत घ्यावे.

दाब देणारी कर्णभूषणे म्हणजे पाळीच्या दोन्ही बाजूंनी सपाट चकत्या बसवलेली चाप किंवा स्क्रूची कुडी. टाक्यांची जागा पक्की झाल्यावर, म्हणजे बहुधा शस्त्रक्रियेनंतर दोन-एक आठवड्यांनी, ती सुरू करतात आणि दिवसाचे १२ तासांहून अधिक, निदान सहा महिने वापरतात. दाब किती असावा याची घरगुती कसोटी अशी, की चाप लावल्यावर पाळी किंचित फिकी दिसावी, पण ठणकू नये आणि निळसर पडू नये. रात्री चाप सैल होऊन उशीत हरवते, म्हणून सुरुवातीलाच दोन जोड घ्यावेत. कानाच्या केलॉइडमध्ये शस्त्रक्रियेचे फळ इतर जागांपेक्षा चांगले मिळते, त्याचे एक कारण हेच की पाळीला दोन्ही बाजूंनी दाबता येते. छातीला असा दाब देता येत नाही, म्हणून छातीवरचा केलॉइड कापण्याच्या बाबतीत बहुतेक अनुभवी डॉक्टर हात आखडता घेतात, आणि ते बरोबर आहे.

परत परत उगवणाऱ्या केलॉइडसाठी शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांतच किरणोपचार सुरू करतात. त्याने पुनरागमन पुष्कळ कमी होते. लहान मुलांत आणि गरोदर स्त्रियांत तो टाळतात. थायरॉईडजवळच्या किंवा स्तनांवरच्या जागेसाठी फार विचार करून ठरवतात, कारण किरणांमुळे पुढे अनेक वर्षांनी कर्करोग होण्याची अल्पशी शक्यता उरते. वेळ साधणे महत्त्वाचे असल्याने किरणोपचार विभागाची वेळ आधी पक्की करावी आणि मगच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा. उलट्या क्रमाने धावाधाव करणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

माझ्या भाचीची दुसरी शस्त्रक्रिया या पद्धतीने झाली: कापणे, नंतर चार इंजेक्शने आणि सात महिने चाप. महाविद्यालयातल्या मैत्रिणी त्या चापेला फॅशन समजत होत्या. आज त्या जागी बारीक पांढरी रेषा आहे.

होऊच नये म्हणून

आपल्याकडे बारशाला किंवा बाराव्या दिवशी सोनाराकडून बाळाचे कान टोचण्याची रीत आहे. अमेरिकेत झालेल्या एका लहान पाहणीत, ११ वर्षांच्या आत कान टोचलेल्यांपेक्षा त्यानंतर टोचून घेतलेल्यांत केलॉइडचे प्रमाण बरेच अधिक आढळले होते. त्यावरून त्या पाहणीकर्त्यांनी, घरात केलॉइडचा इतिहास असल्यास टोचूच नये आणि टोचायचेच तर वयाच्या या टप्प्याआधी टोचावे, असे सुचवले. मी त्यात एवढीच भर घालीन, की तान्ह्या बाळाला धनुर्वाताची लस मिळाल्यानंतर, निर्जंतुक सुईने आणि निकेल नसलेल्या तारेने टोचून घ्यावे. बाराव्या दिवसाचा मुहूर्त दीड-दोन महिने पुढे गेल्याने काही बिघडत नाही. एका कानावर केलॉइड येऊन गेला असेल तर बुगडीसाठी वरची कड टोचणे, दुसरे-तिसरे भोक, बिकबाळी, नाक, बेंबी, हे सगळे कायमचे सोडून द्यावे. नथीची हौस चापेच्या नथीवर भागवावी. हल्ली त्या इतक्या सुबक मिळतात की लग्नाच्या फोटोतही कळत नाही.

छाती, पाठ आणि जबड्यावरचे मुरूम हे तरुण मुलांमधल्या केलॉइडचे फार मोठे कारण आहे, आणि त्याकडे कोणीच गांभीर्याने पाहत नाही. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाच्या छातीवर मोठे, खोल मुरूम येत असतील तर “वय आहे, जातील” असे न म्हणता त्यांचा उपचार सुरू करावा. मुरूम फोडू नयेत. जबड्यावर केलॉइड येणाऱ्या मुलांनी कातडीच्या अगदी लगत वस्तरा फिरवण्याऐवजी ट्रिमर वापरावा. गोंदण आणि टॅटू टाळावेत. आधीच्या केलॉइडवर टॅटू काढून तो झाकण्याची कल्पना तर फारच अनर्थकारक आहे.

बीसीजीच्या लसीमुळे डाव्या दंडावर केलॉइड आलेली माणसे आपल्या ओळखीत असतात, आणि त्या भीतीने कोणी बाळाची लस टाळू पाहते. तसे करू नये. क्षयाच्या मेंदूला होणाऱ्या आणि अंगभर पसरणाऱ्या जीवघेण्या प्रकारांपासून ही लस बालकांना वाचवते, आणि बहुतेक मुलांच्या दंडावर तिचा लहानसा वणच उरतो. दंडावर केलॉइड असलेल्या मोठ्या माणसाने पुढची कोणतीही लस घेताना परिचारिकेला दुसरा दंड द्यावा, एवढे पुरे.

सिझेरियन, हृदयाची शस्त्रक्रिया, थायरॉईडची गाठ काढणे अशा गोष्टी केलॉइडच्या भयाने लांबणीवर टाकू नयेत. मात्र शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत, भूल देणारे डॉक्टर ॲलर्जीबद्दल विचारतात त्याच वेळी, आपल्याला केलॉइड होतो हे सांगावे आणि फाइलच्या पहिल्या पानावर लिहायला लावावे. छेद कुठे घ्यायचा, कोणता धागा वापरायचा, टाके केव्हा काढायचे, सिलिकॉन केव्हा सुरू करायचे, हे निर्णय त्या एका ओळीवरून बदलू शकतात. केवळ शोभेसाठी करायची शस्त्रक्रिया असेल, उदाहरणार्थ छातीवरचा निरुपद्रवी तीळ काढणे, तर ती करू नये.

उपचार संपल्यावरही दोन वर्षे महिन्यातून एकदा त्या जागेवरून बोट फिरवून पाहावे. खाज परत सुरू होणे ही बहुधा पहिली खूण असते. उंचवटा त्यानंतर हाताला लागतो. अशी खाज आठवडाभर टिकली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता, जुने फोटो घेऊन, त्याच त्वचारोगतज्ज्ञांना गाठावे. त्या टप्प्यावर एखादे इंजेक्शन पुरते.